मागच्या भिंतीची ऊब

१

जळक्या फळ्यांच्या भिंतीला तेल लावायचं, तर आधी तिच्यावर हात ठेवायचा. तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू. आमच्या तळहातांना घट्टे पडलेले असतात, त्यांना कशाचं काही कळत नाही. पालथ्या हाताला ओल कळते, फुगवटा कळतो, मागचं तेल जिरलंय की नुसतं वर बसलंय तेही कळतं. मग बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. फळी घट्ट असेल तर आवाज भरीव येतो, सुटली असेल तर पोकळ. माझा नवरा प्रत्येक भिंत सोडताना दोनदा वाजवायचा, थांबायचा, कान द्यायचा आणि मग अजून एकदा. "पहिल्या दोन टिचक्या भिंतीसाठी गं. तिसरी माझ्या समाधानासाठी," म्हणायचा. तो गेल्यापासून मी दोनदाच वाजवते. तिसरी त्याची होती.

लोक विचारतात, "ताई, हे घर कधी जळलं हो?" मी सांगते, जळलं नाही बाबा, जाळून बांधलंय. तीन फळ्या उभ्या करून तारेने बांधायच्या, मधे धुराड्यासारखी पोकळी राहते. खालून कागद पेटवून द्यायचा. जाळ आतल्या आत वर चढतो. मग तार तोडून पाणी ओतायचं. आतली बाजू कोळसा होते, पाठ मात्र कोरी, पिवळी राहते. काळी बाजू बाहेर करून फळ्या भिंतीवरच्या पट्ट्यांना स्क्रूने बसवायच्या आणि मागे दोन बोटं जागा सोडायची, वारा खेळायला. अशा फळीला कीड लागत नाही, ओल लागत नाही आणि ती परत सहजासहजी पेटतही नाही. "एकदा पुरतं जळलं की पुन्हा काय जळणार?" असं नवरा म्हणायचा आणि मुद्दाम माझ्याकडे बघायचा. संसारावर बोलायचा मेला, लाकडावर नाही.

आणि त्याची एक खोड होती. दुपारचा डबा खायला तो हटकून उन्हातल्या काळ्या भिंतीला पाठ टेकून उकिडवा बसायचा. काळा रंग ऊन पितो, पाठ छान शेकते. "फुकटची शेगडी," म्हणायचा. त्याचा एक शर्ट म्हणून पाठीला पांढरा राहिला नाही. मी रोज ओरडायची, "जळ्ळं मेलं ते शेकणं, धुवायचं कुणी?" तो रोज हसायचा.

आता काम मी आणि माझा धाकटा दीर मिळून बघतो. त्याला सगळे बंब म्हणतात. फळ्या जाळताना पाण्याची बादली घेऊन उभं राहायचं काम पहिल्यापासून त्याचं, म्हणून. पोट मोठं, तोंड त्याहून मोठं, पण मनाने सोनं आहे.

२

त्या घराचं काम नवऱ्याच्या हातचं होतं. रस्त्याच्या टोकाचं शेवटचं घर, मागे उतार आणि झाडं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई आणि त्यांचे घड्याळं दुरुस्त करणारे यजमान, दोघंच राहायची. आजारी पडायच्या आधी नवऱ्याने शेवटचं तेल लावलं ते याच घराला, आणि मी सोबत होते. पुढे घड्याळवालेही गेले, असं ऐकलं होतं.

फोन बाईंच्या मुलीचा होता. आम्ही पोचलो तर ती फाटकापाशीच उभी. घरात घेईना की कामाचं बोलेना.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी म्हटलं. "काय असेल ते सरळ बोला."

"आई मागच्या भिंतीशी बसते," ती हळूच म्हणाली. "एवढ्या थंडीत. जेवली की स्टूल घेऊन जाते, भिंतीला पाठ लावते आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही. सगळे स्वेटर काळे झालेत. बोलत असते. कुणाशी म्हटलं तर म्हणते, तुझ्या बाबांशी."

बंबाने डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"मी तिला माझ्याकडे चल म्हणते. ऐकत नाही. ताई, तुम्ही एवढंच सांगा, की भिंत खराब झालीय, काढावी लागेल, इथे राहण्यात धोका आहे. तुमचं ऐकेल ती. तुमच्या मिस्टरांवर फार विश्वास होता तिचा."

माझं डोकंच सणकलं. "खोटं बोलायला मी काय वकील आहे का? माझ्या नवऱ्याने लावलेली भिंत आहे ती. आणि मी तिला खराब म्हणू?"

मुलीने मान खाली घातली. तेव्हा मला दिसलं, की तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि तिच्या कोटाच्या बाहीवरही कोळसा होता. आईला उठवून उठवून लागलेला. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

"बघते मी," मी म्हटलं. "भिंत जे सांगेल ते सांगेन. वाईट असेल तर वाईट."

३

मी पुढची भिंत बघितली. चांगली होती. बाजूच्या दोन्ही बघितल्या. एका ठिकाणी स्क्रू गंजला होता, तो बदलला. सगळीकडे फळ्या थंडगार, पालथा हात ठेवला की शिरशिरी यावी अशा. सकाळपासून आभाळ भरलेलं, ऊन कसलं ते नव्हतंच.

मग मागे गेलो. मागच्या भिंतीला ऊन कधीच लागत नाही. समोर झाडं, वर छपराची पुढे आलेली कड. तिथे बाई स्टुलावर बसल्या होत्या, ताठ, वर्गावर आल्यासारख्या. पाठ फळ्यांना चिकटलेली.

"आलीस? उशीर केलास," त्या म्हणाल्या. मी त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हते, पण त्यांच्यासमोर सगळेच विद्यार्थी होतात. बंबाने तर पोट आत घेतलं.

"भिंत तपासायची आहे, बाई. जरा उठता?"

"तपास की. लपवण्यासारखं काही नाही."

त्या उठल्या. मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. थंड. थंड. पुढची फळी थंड. त्याच्या पुढची, स्टुलामागची, आणि माझा हात झटकन मागे आला.

ऊबदार होती. गरम नव्हे, चटका बसावा अशी नाही. कोणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीवर आपण बसावं आणि जाणवावं, तेवढी.

बाईंच्या पाठीची ऊब असेल, म्हटलं. थांबले. बंबाला म्हटलं, तेलाचे डबे आण, ब्रश आण, उगाच वेळ काढला. परत हात लावला. ऊब तशीच होती. खांद्याएवढी रुंद, खाली माझ्या गुडघ्यापर्यंत. बाजूला एक वीत सरकलं की परत बर्फ.

"वहिनी, आत गीझरचा पाइप असेल," बंब म्हणाला.

मी आत जाऊन बघितलं. आत घड्याळवाल्यांची खोली. भिंतीशी एक लाकडी खुर्ची, टेबल, भिंग. पाइप नाही, वायर नाही, चूल नाही. आतून भिंत थंड होती.

बाहेर आले तर बाई माझ्याकडे बघून हसत होत्या. "कळलं ना? हे याच भिंतीला पाठ लावून बसायचे, आतून. आधी ऊब त्या टोकाला होती, नळापाशी. मी स्टूल इथे टाकायचे, कारण इथे वारा कमी लागतो. मग ती हळूहळू सरकत इकडे आली. मी जिथे बसते तिथे."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. ऊब सरकते कशी? आणि बसलेलं माणूस बघून सरकते?

४

माझी अक्कल अशा वेळी दुप्पट चालते. भीती वाटली की मी हिशेबी होते.

आमच्या धंद्यात भुतापेक्षा वाईट एकच गोष्ट असते, तेलाची चिंधी. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा कुठे कोंबून ठेवला, तर तो आपोआप तापतो, धुमसतो आणि पेटतो. म्हणून बंबाच्या बादलीत आम्ही प्रत्येक चिंधी बुडवतो. पण एखादी वरच्या फटीतून फळ्यांच्या मागे पडली असेल तर? मागच्या पोकळीत वारा खेळतो, म्हणजे आगीला तर आमंत्रणच. चिंधी इतके महिने धुमसत नाही, हे मलाही माहीत होतं. पण अक्कल दुसरं काही सांगायला तयार नव्हती. आणि मला तिचंच ऐकायचं होतं.

"फळ्या उघडाव्या लागतील," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा एकदम लहान झाला. "नको."

"बाई, आत काही धुमसत असेल तर? तुम्ही एकट्या राहता. सगळं घर जाईल, तुमच्यासकट."

"उघडलं की ऊब जाते. हे दुसरीतल्या पोरालाही कळतं." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार होती. "मुलीकडे जायला माझी ना नाही गं. जावई चांगला आहे, नातवंडं जीव लावतात. पण मी गेले तर हे इथे कुणासाठी थांबतील? एवढंच आहे माझं. बाकी मला काही नको."

मुलगी मागे उभी होती. ज्या बाईचा नवरा जातो तिला असले वाद घालता येत नाहीत. मला स्वतःला दोन हिवाळे कुठल्याच अंथरुणात ऊब लागली नव्हती. पण आग म्हणजे आग. उद्या काही झालं असतं तर मी तोंड कुठे लपवलं असतं?

मी वाकून पेराने वाजवलं. दोनदा. आवाज भरीव नव्हता, पोकळही नव्हता. मागे गादी उभी करून ठेवल्यासारखा आला. एवढ्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता.

"काय गं?" बंबाने विचारलं.

"काही नाही. पाण्याची बादली जवळ ठेव."

५

मुलीने बाईंना आत नेलं. मी स्क्रू काढले, पटाशी घालून फळी सैल केली. बंब बादली घेऊन माझ्या खांद्यामागे इतका जवळ उभा, की त्याचा श्वास माझ्या कानात जात होता.

"अरे, लांब हो. मला भाजायच्या आधी बुडवशील."

फळी सुटली. धूर नाही. ठिणगी नाही. चिंधी नाही. फक्त आतून उबदार हवेचा एक झोत माझ्या तोंडावर आला, आणि त्याला नीलगिरीच्या तेलाचा वास होता. नवरा शेवटी छातीला तेच चोळायचा. पण थंडीत कुठल्या घरात तो वास नसतो? घड्याळवालेही चोळत असतील. असं मी स्वतःला सांगितलं.

"वहिनी, ही फळी बघ," बंब म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच झाला होता.

मी फळी उलटी केली. पाठ कोरी असते, पिवळी. ही काळी होती. सगळी नाही, एका बाजूला, वळणदार कडेने. मी अजून दोन फळ्या काढल्या, गवतावर पालथ्या घातल्या, एकीला एक जोडून.

पाठ होती. माणसाची. मानेची खोबण, दोन खांदे, मधे कण्याची रेघ, खाली उकिडवं बसल्यावर कंबर रुंदावते तशी रुंदावलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला. नवरा आयुष्यभर उजव्या खांद्यावर फळ्या वाहत आला, त्याचा तो खांदा असाच उतरला होता. पण घड्याळांवर वाकून वाकून घड्याळवाल्यांचा नसेल उतरला असं थोडंच आहे? मी त्यांना नीट आठवायला लागले. आठवेनात.

"आतून कसं जळेल, वहिनी?" बंब पुटपुटला. "आत जागाच किती आहे? दोन बोटं."

"टॉर्च दे."

मी गाल भिंतीला लावला आणि फटीतून आडवा उजेड टाकला. उघडलेल्या भागापलीकडे फळ्या अजून लागलेल्या होत्या, त्यांच्या मागे पोकळी कोपऱ्यापर्यंत जाते. पट्ट्या दिसल्या, स्क्रूंची टोकं दिसली, कोळ्याचं जाळं दिसलं. त्यापलीकडे अंधार होता, आणि तो अंधार बाजूला सरला. अरुंद बोळात समोरून कोणी आलं की आपण अंग चोरून त्याला वाट देतो ना, तसा. माझ्या उजेडाला त्याने वाट दिली. क्षणभर एक कोपर दिसलं, दुमडलेल्या बाहीचं. मग काही नाही.

टॉर्च माझ्या हातून आत पडला. तो आम्ही परत काढला नाही.

६

फळ्या परत लावल्या तेव्हा भिंत सगळीकडे सारखीच थंड होती. बाई बाहेर आल्या. त्यांनी हात लावला, मग दुसरा लावला, मग कपाळ टेकवलं.

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तू तुझं काम केलंस." आणि मुलीला म्हणाल्या, "बॅग काढ माझी."

मुलगी माझ्याकडे बघून रडली. जे तिला हवं होतं तेच झालं होतं, तरी रडली.

परत येताना बंब गाडी चालवत होता. मी पाठ टेकून बसले होते. सीट गरम लागत होती. इंजिनाची असेल, म्हटलं. घरी येऊन कोट खुंटीला अडकवला तर बंब म्हणाला, "वहिनी, पाठ बघ कोटाची."

काळी झाली होती. कोळशाने, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी त्या भिंतीला गाल लावला होता, हात लावला होता. पाठ एकदाही लावली नव्हती.

खरं सांगते, मला आनंद झाला. लाज कसली त्यात? पाचावर धारण बसायला हवी होती, आणि मी हसत होते. जेवताना पाठीशी ऊब, भांडी घासताना ऊब. खोलीतल्या चुना लावलेल्या पांढऱ्या भिंतीला टेकून बसले की ती ऊब भिंतीतून येऊन नीट बसायची, माझ्या पाठीच्या मापाची. मी बोलायला लागले. बंबाच्या तक्रारी सांगितल्या. "तुमच्या भावाचं पोट बघा," म्हटलं. मी शर्टांवरून भांडलेसुद्धा.

कामाचे फोन यायचे, मी उद्या म्हणायची. उठावंसंच वाटेना. एकदा वाटलं, चहा ठेवावा, आणि उठायला गेले तर पाठ सुटेना. चिकटली नव्हती, कोणी धरलीही नव्हती. फक्त मागची ऊब जरा वाढली. थांब ना, म्हणाल्यासारखी. मी बसले परत. दुपार झाली, चहा राहिलाच.

"वहिनी," बंब एकदा दारातूनच म्हणाला, आत यायला बिचकत, "तू त्या बाईंसारखी दिसायला लागलीस."

मी त्याच्या अंगावर वस्सकन ओरडले. पण तो गेल्यावर मनात आलं, हे आमचेच आहेत कशावरून? बाईंच्या पाठीला ते त्यांचे वाटले, माझ्या पाठीला माझे. बाई बसल्या तर बाईंकडे सरकलं, मी उघडलं तर माझ्यासोबत आलं. त्याला नुसती पाठच हवी असली तर? कुणाचीही? मी वळून पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. चुन्यावर करड्या रंगाची एक सावली उमटायला लागली होती. उजवा खांदा कुठला ते काही कळत नव्हतं.

त्याच दिवशी मुलीचा फोन आला.

"ताई, आई जेवत नाही. दिवसभर घरातल्या भिंतींना हात लावत फिरते. पालथा हात, तुम्ही लावता तसा. प्रत्येक भिंतीला. नातवंडं घाबरलीत." ती थांबली. "डॉक्टर म्हणतात, अंगात काहीच दुखणं नाही. पण ती चाललीये, ताई. माझ्या डोळ्यांदेखत. माझ्याच्याने बघवत नाही."

मी भिंतीला टेकून ऐकत होते. पाठ मस्त शेकत होती. आणि त्या क्षणी मला माझीच किळस आली. जिची ऊब मी उघडून घालवली ती बाई पलीकडे गारठून मरत होती आणि मी इथे शेकत बसले होते.

"बाईंना घरी घेऊन या," मी म्हटलं. "त्यांच्या घरी. दुपारी."

७

आम्ही आधी पोचलो. बंबाला फाटकापाशी थांबवलं. मागे गेले, स्टूल अजून तिथेच होतं. मी स्टुलावर बसले नाही. ज्या फळ्या मी उघडल्या होत्या त्यांनाच पाठ लावून उकिडवी बसले, नवरा बसायचा तशी.

"अहो, ऐका," मी म्हटलं. "तुम्ही कोण आहात ते मी विचारणार नाही. घड्याळवाले असाल तर हे तुमचंच घर आहे, आलात तसे राहा. दुसरंच कोणी असाल तर ऐका, त्या बाई म्हाताऱ्या आहेत. त्यांची पाठ धरून ठेवायची नाही. संध्याकाळ झाली की उठू द्यायचं, जेवू द्यायचं. नाही दिलंत तर मी येऊन सगळी भिंत उचकटून काढीन. माझा राग तुम्हाला माहीत नसेल."

काही झालं नाही. झाडांवर एक कावळा ओरडला.

"आणि तुम्ही तुम्हीच असाल," मी म्हटलं, आणि मग मला रडू आलं ते आवरेना, "तर मला माहीत आहे तुम्हाला कुठे राहायला आवडेल. पण मला बंब आहे, काम आहे, अख्ख्या गावच्या भिंती आहेत. त्या बाईंना एवढंच आहे. तुम्ही कधी कुणाचं काम अर्धं टाकून आला नाहीत. हे शेवटचं समजा. शर्ट मी नाही धुणार आता."

मी डोळे मिटून बसले. कोणी आपल्या पाठीवरचं गाठोडं खालून हळूच उचलून घ्यावं, तशी ऊब निघाली. आधी खांद्यांवरून, मग कण्यावरून, शेवटी कमरेपाशी जराशी रेंगाळली. आणि गेली. इतकी थंडी मला जन्मात वाजली नव्हती. दात वाजायला लागले.

मागे गाडीचं दार वाजलं. मुलगी बाईंना धरून आणत होती. बाई किती वाळल्या होत्या! मला बघून त्या थबकल्या, मग माझ्या शेजारी आल्या आणि फळीवर हाताची पालथी बाजू ठेवली. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. मी त्यांना स्टूल पुढे केलं. त्या बसल्या, पाठ टेकली आणि एक मोठा श्वास सोडला.

"भिंत ठणठणीत आहे," मी मुलीला म्हटलं. "काही काढायचं नाही. दुपारी त्यांना इथे बसू दे. संध्याकाळी घेऊन जात जा, रात्रीचं जेवण तुझ्याकडे. अंधार पडला की मात्र उठवायचंच. रडल्या तरी उठवायचं."

"पण ताई, तिथे काय..."

"एवढं ऐक माझं."

मुलीने आईकडे बघितलं. बाई डोळे मिटून, ओठ हलवत, कोणाला तरी नातवंडांच्या खोड्या सांगत होत्या. गालावर रंग आला होता. मुलीने मान डोलावली.

"आई, संध्याकाळी यायचं हं माझ्यासोबत."

"येईन की," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ह्यांनीही तेच सांगितलंय."

मी सामान गोळा केलं. जायच्या आधी, हाताची सवय म्हणून, बाईंच्या डोक्याच्या वरच्या फळीवर पेराने वाजवलं. दोनदा. आणि थांबले. आवाज भरीव आला, छान, काही खोट नव्हती. कान दिला. काहीच नाही. मी पाठ फिरवली आणि कोपऱ्यापर्यंत आले.

"अगं, थांब," बाईंनी मागून हाक मारली. त्या मान वळवून भिंतीकडे बघत होत्या, कपाळाला आठ्या घालून, चुकलेलं गणित बघावं तशा. "आत्ता आतून एकदा वाजलं. टक. एकदाच. माझ्या पाठीला कळलं. पण ह्यांना अशी सवय कधी नव्हती. काय म्हणायचं असेल गं त्यांना?"

मी कोपऱ्यावरून परत आले आणि त्या फळीवर पालथा हात टेकवला.

"समाधान झालं म्हणतायत, बाई," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या आणि परत टेकून बसल्या.

फाटकापाशी बंब वाट बघत होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याने स्वतःचा मफलर काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. मी त्याला म्हटलं, बादली उचल, अजून दोन घरं राहिलीत.